न्यूरेंबर्गातील दोन रात्री

तीर्थयात्रेस निघालेल्या आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींचा क्रम ठरलेला असे : आधी बिऱ्हाड, मग स्नान, मग देवदर्शन. नाशिकास किंवा पंढरपुरास उतरणाऱ्यास क्षेत्रोपाध्यायांची माणसे वाटेतच गाठीत, गाव व आडनाव विचारीत, आणि पडवीत का होईना, पाठ टेकण्यापुरती जागा मिळे. जर्मनीत असे उपाध्ये नाहीत. तेथे जो तो कित्येक महिने आधी खोली ठरवून निघतो, आणि जो तसे करीत नाही त्यास ऐन वेळी दामदुप्पट मोजावे लागतात, असे आम्ही ऐकून होतो. ह्यात खरे किती आणि खोटे किती, हे मला २०२५ च्या जानेवारीत न्यूरेंबर्ग शहरी दोन रात्री काढल्यावर कळले. आपल्यापैकी पुष्कळांची लेकरे आता तिकडे शिकावयास व नोकरीस आहेत, आणि त्यांच्याकडे जाणारी वडील माणसेही वाढली आहेत. तेव्हा आमची फजिती व तीतून निघालेली वाट, दोन्ही सांगून ठेवते.

माझी लेक फ्रांकफुर्टास असते. तिच्याकडे मी दीड महिन्याकरिता गेले होते आणि माझ्यासोबत आमच्या ह्यांच्या आत्याबाई होत्या. आत्याबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. पुण्यातील एका मुलींच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षे इतिहास शिकविला. परतीचे विमान शुक्रवारचे, आणि आधीच्या रविवारी रात्री, जेवणे आटोपून भांडी आवरीत असता, त्या शांतपणे म्हणाल्या, “सूनबाई, न्यूरेंबर्ग येथून किती लांब आहे गं?”

लांब नाही, वेगवान गाडीने दोन तासांवर आहे. परंतु हा प्रश्न दीड महिन्यांत त्यांनी एकदाही विचारला नव्हता. लेकीजावयाची रजा संपलेली, त्यांना खर्चात पाडावयाचे नाही, म्हणून मनातली गोष्ट मनातच ठेवलेली. दरवर्षी दहावीच्या वर्गात दुसऱ्या महायुद्धाचा धडा आला की पुस्तकात न्यूरेंबर्गच्या खटल्यास जेमतेम दोन ओळी असत. आत्याबाई मात्र त्यावर सबंध तास घेत. एका जुन्या साप्ताहिकातील छायाचित्रावरून त्या फळ्यावर न्यायालयाचा नकाशा काढीत : येथे न्यायाधीश, येथे आरोपी, येथे दुभाषे. ती खोली एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढीच इच्छा.

लेकीने लगेच फोनवर शोधाशोध केली आणि तिचा चेहरा उतरला. न्यूरेंबर्गात त्या मंगळवारपासून खेळण्यांचे प्रदर्शन भरावयाचे होते. जगभरचे खेळण्यांचे व्यापारी १९५० सालापासून दरवर्षी हिवाळ्यात ह्या प्रदर्शनास जमतात, आणि ते पाच दिवस साध्या खोलीचा दरही तिप्पट होतो. तरी एका लहानशा हॉटेलात बऱ्या दराची खोली दिसली, ती तिने ठरविली, आणि सोमवारी दुपारच्या गाडीने आम्ही दोघी निघालो. बरोबर एक हातपेटी, दशम्यांचा डबा, मेतकूट आणि आत्याबाईंची हिशेबाची वही.

हॉटेलात पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. बाहेर काळोख, आणि गारठा असा की बोलताना तोंडातून वाफ निघावी. काउंटरवरील गृहस्थाने यंत्रात पाहून सांगितले की, तुमच्या कार्डावरून पैसे वळते झाले नाहीत, सबब खोली रद्द झाली आहे. तीच खोली आता हवी असल्यास रात्रीचे दोनशे नव्वद युरो! मी त्याच्याशी हुज्जत घातली. तिचा उपयोग झाला नाही. आत्याबाई हातपेटीवर बसून सर्व ऐकत होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “चल. एवढ्या पैशांत आमच्या शाळेतल्या दोन मुलींची वर्षाची फी भरते.”

आता जावे कोठे? मला एक गोष्ट आठवली. रिचर्ड शिर्मान नावाच्या एका जर्मन शाळामास्तरांनी १९०९ साली आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहल काढली असता वाटेत वादळाने गाठले. रात्री आसरा मिळेना, शेवटी एका खेडेगावच्या शाळेत गवतावर पडून त्यांनी रात्र काढली. सुटीत रिकाम्या पडलेल्या शाळांतून मुलांना झोपावयास का मिळू नये, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला, आणि त्यातून ‘युगेंडहेर्बेर्ग’ म्हणजे युवकनिवासांची चळवळ उभी राहिली. आपल्याकडील यूथ हॉस्टेल ही तिचीच शाखा. नाव युवकांचे असले तरी वयाचे बंधन आता राहिलेले नाही. न्यूरेंबर्गचा हा निवास तर साक्षात् किल्ल्यावर आहे!

लेकीने फोन करून विचारले. खोली शिल्लक नव्हती, पण स्त्रियांच्या सामायिक खोलीत दोन खाटा त्याच संध्याकाळी मोकळ्या झाल्या होत्या. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुष्कळ ठिकाणी ठरविलेली खोली फुकट रद्द करण्याची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत असते. म्हणून सहाच्या सुमारास, ‘सर्व भरले आहे’ म्हणणाऱ्या गावातही, चार-दोन जागा एकाएकी रिकाम्या होतात. ज्याने दुपारी विचारले त्यास नकार मिळतो, आणि त्याच दारी संध्याकाळी विचारणाऱ्यास खाट मिळते. मात्र लहान घरगुती निवासांचे काउंटर रात्री लवकर बंद होते, तेव्हा उशिरा पोहोचणार असल्यास आधी कळविणे इष्ट.

किल्ल्याची चढण असल्यामुळे टॅक्सी केली. काटकसर करावयाची ती खोलीत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांवर करू नये.

आम्ही झोपलो ती इमारत १४९४-९५ साली हान्स बेहाइम ह्या गवंडीप्रमुखाने शहराचे धान्यकोठार म्हणून बांधली. पुढे तिच्या तळमजल्यावर बादशहाच्या स्वारीचे घोडे बांधीत, म्हणून तिला बादशाही पागा असे नाव पडले. महायुद्धात ती उद्ध्वस्त झाली व मागाहून पुन्हा उभारली गेली. छत उंच आणि उतरते, त्यात ओळीने लहान लहान खिडक्या. खोलीत दुमजली खाटा. आत्याबाईंना खालची खाट मिळाली. वरच्या खाटेवर एक तरुण मुलगी होती, तिने न सांगता आपली पिशवी उचलून त्यांच्या पायांना वाट करून दिली. चादर व अभ्रा तेथे मिळतो. टॉवेल मात्र आपला न्यावा. दर माणशी बेचाळीस युरो पडले, त्यात सकाळचा नाश्ता आला : पाव, लोणी, मुरंबा, दही, फळे. शाकाहारी माणसास ह्याहून अधिक काय लागते? सामायिक सभासदत्वाचे कार्ड मात्र लागते. आपल्या यूथ हॉस्टेल संघटनेचे असल्यास चालते, नसल्यास तेथेच काढता येते.

रात्री आत्याबाईंनी वही उघडून जमाखर्च लिहिला आणि मग म्हणाल्या, “उद्या सकाळी पहिल्यांदा तेच पाहू.”

तेव्हा मला सांगावे लागले. गाडीत बसल्यावर मी पाहिले होते, पण बोलण्याचा धीर झाला नव्हता. न्यायालयाचे स्मारक मंगळवारी बंद असते. पाहावयाचे तर बुधवारपर्यंत थांबले पाहिजे. म्हणजे आणखी एक रात्र, आणि ह्या निवासात दुसऱ्या रात्री एकही खाट नाही.

आत्याबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर, “मंगळवारी दुपारी परत जाऊ. पाहिल्यासारखेच आहे,” असे म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केले. मला झोप आली नाही.

सकाळी नाश्त्याच्या वेळी मी काउंटरवरील बाईंपाशी आमची अडचण काढली. त्यांनी आधी शहरातली दोन ठिकाणे विचारली, नकार. मग त्या म्हणाल्या, “फ्यूर्टला का जात नाही?” फ्यूर्ट हे शेजारचे गाव, न्यूरेंबर्गास इतके चिकटलेले की सीमा कळत नाही, भुयारी रेल्वेने पाव तासाची वाट. तेथल्या एका जुन्या घरगुती निवासात त्यांनी फोन लावला. खोली होती : तिसऱ्या मजल्यावर, वर नेणारा पाळणा नाही, दोघींचे मिळून पंचाऐंशी युरो. जिने किती, हे मी विचारावयास लावले. चोपन्न पायऱ्या. आत्याबाई मागे येऊन उभ्या राहिल्याचे मला कळले नव्हते. “घे,” त्या म्हणाल्या. “पर्वती एकशे तीन पायऱ्यांची आहे.”

ज्या गावी प्रदर्शन किंवा जत्रा भरलेली असते त्या गावातच निजण्याचा हट्ट धरू नये, हा धडा मला त्या बाईंकडून मिळाला. म्यूनिकास सप्टेंबरअखेरीस बिअरचा उत्सव असतो, फ्रांकफुर्टास ऑक्टोबरात पुस्तकांचे प्रदर्शन. ह्याच न्यूरेंबर्गात डिसेंबरभर, नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत, नाताळचा बाजार. अशा वेळी नकाशावर शहर न पाहता शहरातून बाहेर जाणारी रेल्वेची रेघ पाहावी, आणि तिच्यावरचे तिसरे-चौथे स्टेशन धुंडावे. न्यूरेंबर्गाभोवतीच्या रेल्वे, बस, ट्राम ह्या सर्वांवर एकच दिवसाचे तिकीट चालते. त्यातील ‘प्लस’ नावाच्या तिकिटावर दोन प्रौढ माणसे प्रवास करतात, आणि शनिवारी घेतलेले तिकीट रविवारीही चालते. सबंध बव्हेरिया प्रांत हिंडावयाचा तर त्या प्रांताचे वेगळे दिवसतिकीट आहे; जितकी माणसे अधिक, तितके ते स्वस्त पडते. मात्र ते साध्या गाड्यांस चालते, वेगवान गाड्यांस नाही, आणि आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी नवाच्या आधी चालत नाही. ह्या अटी न वाचता बसणाऱ्यास दंड होतो, आणि तिकीट तपासनीसास परक्याची दया येत नाही.

आणि काहीच न मिळाल्यास? मोठ्या स्टेशनांवर ‘बानहोफ्समिसिओन’ नावाचा धर्मादाय कक्ष असतो. नोकरीच्या शोधात खेड्यांतून शहरात येणाऱ्या मुली दलालांच्या हाती पडू नयेत म्हणून १८९४ साली बर्लिनमध्ये ह्या कार्यास आरंभ झाला. तेथे खोली मिळत नाही. पण अडचणीत सापडलेल्या प्रवाशास बसावयास जागा, गरम पेय आणि पुढे कोणास विचारावे ह्याचा सल्ला मिळतो. परगावी एकट्या जाणाऱ्या मुलींना हे नाव पाठ असलेले बरे.

तर मंगळवार शहर पाहण्यास मोकळा मिळाला. किल्ल्यावरच निजल्यामुळे चढावे लागले नाही. ह्या किल्ल्यात खडकात खोल खणलेली, सुमारे पन्नास मीटरची विहीर आहे. वरून पाणी ओतले की ते तळास पोहोचल्याचा आवाज येईपर्यंत ऐकणाऱ्याचा श्वास रोखला जातो. १३५६ च्या ‘सुवर्णमुद्रांकित’ फर्मानाने असे ठरविले होते की, नव्या राजाने आपला पहिला दरबार न्यूरेंबर्गास भरवावा. बाजारचौकातील चर्चच्या दर्शनी भागावर ह्या फर्मानाची आठवण म्हणून १५०९ सालचे एक घड्याळ आहे : रोज दुपारी बारा वाजता सात राजनिर्वाचक बाहुल्या बादशहाभोवती तीन फेऱ्या घालतात. शाळेची पोरे, व्यापारी आणि आम्ही, सर्व माना वर करून उभे. फुकटची करमणूक! परंतु आत्याबाईंनी मला हळूच सांगितले की, हे चर्च जेथे आहे तेथे पूर्वी ज्यूंचे प्रार्थनामंदिर होते. १३४९ साली ते पाडले, आणि त्या वेळी ह्या गावातील पाचशेहून अधिक ज्यू मारले गेले. “खटल्याची गोष्ट १९४५ पासून सुरू होत नाही,” एवढेच त्या म्हणाल्या.

सेंट लॉरेन्सच्या चर्चमध्ये मात्र आम्ही तासभर बसून राहिलो. फाइट श्टॉस ह्या शिल्पकाराने १५१७-१८ मध्ये लाकडात कोरलेली देवदूत व मेरी ह्यांची जोडी छतापासून अधांतरी टांगलेली आहे. सात वर्षांनी शहराने नवा पंथ स्वीकारल्यावर हे शिल्प झाकून ठेवण्यात आले. १८१७ साली ते खाली पडून त्याचे तुकडे झाले, ते पुन्हा जोडले. जवळच आडाम क्राफ्टने दगडात कोरलेला, सुमारे वीस मीटर उंचीचा, वेलीसारखा निमुळता मनोरा आहे, आणि त्याचा भार खांद्यावर घेऊन तळाशी गुडघे टेकून बसलेली आकृती खुद्द क्राफ्टची. हातात छिन्नी-हातोडा. आपल्या देवळांच्या पायरीवर दंडवत घातलेला भक्त कोरलेला असतो, त्याची मला आठवण झाली. २ जानेवारी १९४५ च्या बाँबवर्षावात ह्या गावाचा जुना भाग बहुतेक जमीनदोस्त झाला. श्टॉसचे शिल्प वाचले, कारण ते किल्ल्याच्या टेकडीच्या पोटातील तळघरांत आधीच हलविले होते; म्हणजे आदल्या रात्री आम्ही ज्या टेकडीवर झोपलो तिच्याच पोटात.

जर्मन राष्ट्रीय संग्रहालयास दर बुधवारी सायंकाळी प्रवेशमूल्य नसते, असे कळले. आम्हांस बुधवारी परतावयाचे, म्हणून मंगळवारीच पैसे देऊन गेलो, ते मार्टिन बेहाइमच्या पृथ्वीच्या गोलाकरिता. १४९२ साली पुरा झालेला हा गोल आज अस्तित्वात असलेल्या पृथ्वीगोलांत सर्वांत जुना. त्यावर अमेरिका नाही. कोलंबस अद्याप परतलाच नव्हता!

रात्री फ्यूर्ट. चोपन्न पायऱ्या आत्याबाईंनी दोनदा थांबून चढल्या. खोली जुनी, पण उबदार; खिडकीतून समोरच्या घरांचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे सज्जे दिसत. ह्या गावाची युद्धात न्यूरेंबर्गाइतकी हानी झाली नाही. घरमालकिणीने पाणी तापवावयाची किटली दिली, आम्ही दशम्या सोडल्या.

बुधवारी सकाळी स्टेशनावर नकाशा पाहताना मी थबकले. फ्यूर्टहून न्यूरेंबर्गास जाणाऱ्या त्याच भुयारी मार्गावर वाटेत ‘बेरेनशांत्से’ नावाचे स्टेशन आहे, आणि न्यायालय तेथून चालत पाच मिनिटांवर! शहरातले दोनशे नव्वद युरोंचे हॉटेल घेतले असते तर आम्ही ह्याहून लांब पडलो असतो. आणखी एक गंमत. जर्मनीतील पहिली आगगाडी ७ डिसेंबर १८३५ रोजी ‘आडलर’ म्हणजे गरुड नावाच्या इंजिनाने ओढली, ती ह्याच न्यूरेंबर्ग-फ्यूर्ट मार्गावर. आजची भुयारी रेल्वे बऱ्याच अंशी त्याच वाटेने जाते. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची. आत्याबाईंनी सन लगेच सांगितला, महिना आणि तारखेसह.

न्यायालयाची इमारत भव्य, पण उदास. युद्धात ती बऱ्यापैकी शाबूत राहिली व तुरुंग तिला लागूनच होता, म्हणून खटल्याकरिता ती निवडली गेली. तेथील सहाशे क्रमांकाची खोली २०२० पर्यंत चालू न्यायालय होती. आता ती पाहावयास खुली असते. लाकडी तक्तपोशी, दारावर कोरीवकाम, उंच खिडक्या. आत्याबाई दाराशीच थांबल्या.

“उलटे आहे,” त्या म्हणाल्या. “न्यायाधीश खिडक्यांकडे पाठ करून बसत.”

समोर न्यायासन होते ते खोलीच्या टोकाशी. बत्तीस वर्षे फळ्यावर काढलेला नकाशा चुकीचा होता की काय, ह्या शंकेने त्यांचा चेहरा असा झाला की मला पाहवेना. तेथल्या रखवालदारास मी विचारले. त्याने आम्हांस त्या वेळचे छायाचित्र दाखविले. खटल्याकरिता खोलीची सर्व मांडणीच फिरविली होती, प्रेक्षकांसाठी एक भिंतही काढली होती. मागाहून सर्व पूर्ववत केले. न्यायाधीश खिडक्यांकडे पाठ करून, त्यांच्यासमोर आरोपींची दोन ओळींची बाके, शेजारी काचेआड दुभाषे. इंग्रजी, फ्रेंच, रशियन व जर्मन अशा चार भाषांत, बोलणारा बोलत असतानाच भाषांतर कानांवर पडत असे. इतक्या मोठ्या प्रमाणावर ही पद्धत प्रथम येथेच वापरली गेली. फळ्यावरचा नकाशा अचूक होता.

वरच्या मजल्यावरील प्रदर्शनात आरोपींच्या मूळ बाकांचे काही भाग ठेवले आहेत. आत्याबाई त्यांच्यापाशी उभ्या राहून प्रत्येक नाव वाचीत होत्या आणि बोटांवर मोजीत होत्या. २० नोव्हेंबर १९४५ ला आरंभ, १ ऑक्टोबर १९४६ ला निकालाची अखेर. बारा जणांस फाशी, सात जणांस कैद, तिघे सुटले. आरोपपत्र चोवीस जणांवर. परंतु रॉबर्ट लायने खटल्याआधीच तुरुंगात आत्महत्या केली, गुस्ताव क्रूप आजारी म्हणून वगळला गेला, आणि मार्टिन बोरमान सापडलाच नाही. त्याचा खटला त्याच्या गैरहजेरीत चालला.

“म्हणजे एकवीस,” आत्याबाई म्हणाल्या. “बत्तीस वर्षे मी त्या बाकांवर चोवीस जण बसविले गं.”

मी म्हटले, “आत्या, आरोपी चोवीसच होते की. तुम्ही काही खोटे सांगितले नाहीत.”

“फळ्यावर मी चोवीस चौकोन काढीत असे.”

त्या खाली सहाशे क्रमांकाच्या खोलीत परत गेल्या आणि एका बाकावर बसून राहिल्या. मी त्यांच्याशी बोलले नाही. दोन-तीन शाळकरी मुले आली, मोठ्याने बोलू लागली. त्यांच्या शिक्षिकेने ओठांवर बोट ठेवले, तेव्हा आत्याबाईंनी मान हलवून तिला ‘असू द्या’ असे खुणावले.

दुपारच्या गाडीत जागा मिळाली. आत्याबाईंनी वही काढून दोन दिवसांचा खर्च मांडला : निवास एकशे एकोणसत्तर युरो, म्हणजे त्या हॉटेलाच्या एका रात्रीपेक्षाही कमी; टॅक्सीचा आकडा त्यांनी वेगळ्या रकान्यात लिहिला. मग त्यांनी माझ्याकडे फोन मागितला. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आता त्याच शाळेत, त्याच वर्गास इतिहास शिकविते. तिला निरोप धाडावयाचा होता. चष्मा पुसून, एकेक अक्षर दाबीत त्यांनी तो स्वतःच लिहिला : नकाशा बरोबर आहे, चौकोन तेवढे एकवीस काढ. मग डब्यातली उरलेली दशमी दोघींत अर्धी अर्धी केली.